फोल्डर बदलला की व्हेरिएबल्सही बदलावीत: डिरएन्व्ह कसं बसवायचं आणि कसं वापरायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या चार-पाच जणांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात एकाच लॅपटॉपवर तीन गिऱ्हाइकांची कामं चालू असणं ही रोजचीच गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा स्टॉक, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाचं बिलिंग आणि हुपरीच्या चांदी कारखानदाराच्या ऑर्डरी. तिघांचे डेटाबेस वेगळे, पासवर्ड वेगळे, एकाचं काम पायथनमध्ये तर दुसऱ्याचं नोडमध्ये. सकाळी फाउंड्रीचं काम करताना टर्मिनलमध्ये डेटाबेसचं नाव एक्सपोर्ट केलेलं असतं. दुपारी त्याच टर्मिनलमधून गुळाच्या फोल्डरमध्ये गेलात आणि मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी कमांड) चालवलं, तर ते फाउंड्रीच्या डेटाबेसवर चालतं. स्क्रीनवर एररची एक ओळही येत नाही, कारण शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी काही चुकलेलंच नसतं.

असं एक्सपोर्ट केलेलं नाव आणि त्याची किंमत म्हणजे व्हेरिएबल. ते नसेल तर प्रोग्रॅम लगेच बोंब मारतो आणि आपण ते भरतो. जुनं व्हेरिएबल शिल्लक राहिलं तर मात्र तो मुकाट्याने काम करतो, आणि नुकसान नंतर कळतं. म्हणून फोल्डरमध्ये शिरल्यावर व्हेरिएबल्स आपोआप चढण्यापेक्षा बाहेर पडल्यावर ती आपोआप उतरणं जास्त मोलाचं आहे. ही दोन्ही कामं डिरएन्व्ह नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम करतो. त्याच्या नावाचं स्पेलिंग डी, आय, आर, ई, एन, व्ही. सगळी अक्षरं छोटी आणि सलग.

इथे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत (1, 2, 3) टाइप करायची. टिंब, अंडरस्कोर, अवतरणचिन्हं, कंस मात्र जसेच्या तसे. व्हेरिएबल्सची नावं कॅपिटलमध्ये, कमांड छोट्या अक्षरांत. फोल्डरांची नावंही रोमनमध्येच ठेवलेली बरी. देवनागरी नावं लिनक्सला चालतात, पण भोवतालच्या सगळ्याच टूल्सना चालतील असं नाही.

आत काय घडतं

हे आधी समजून घेतलं तर पुढच्या बहुतेक अडचणींची उत्तरं आपली आपणच सापडतात.

शेल दर वेळी प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करण्याची ओळ) दाखवण्याआधी डिरएन्व्हला हाक मारतं. डिरएन्व्ह आपण उभे आहोत त्या फोल्डरमध्ये `.एन्व्हआरसी` नावाची फाइल शोधतं (टिंब, मग ई, एन, व्ही, आर, सी). तिथे नसेल तर एक पायरी वर, तिथेही नसेल तर आणखी वर, असं मुळापर्यंत. जी पहिली सापडेल तेवढीच घेतं. तिला परवानगी दिलेली असेल तर ती पडद्यामागे एका वेगळ्या बॅशमध्ये (बॅश हे एक शेल) चालवली जाते. चालवण्याआधीचं आणि नंतरचं एन्व्हायरन्मेंट (एक्सपोर्ट केलेल्या सगळ्या व्हेरिएबल्सचा संच) ताडून पाहिलं जातं आणि फक्त फरक आपल्या शेलला लावला जातो. हा फरक `डिरएन्व्ह_डिफ` नावाच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलेला असतो. फोल्डरबाहेर पडलात की तोच फरक उलटा लावला जातो. त्यामुळे व्हेरिएबल नुसतं पुसलं जात नाही. आधी त्यात काही किंमत असेल तर ती परत येते. `पाथ`सुद्धा (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) होता तसा होतो.

यातून तीन गोष्टी ओघाने येतात. पहिली, आपलं शेल झेडशेल असो वा फिश, `.एन्व्हआरसी` बॅशमध्येच लिहायची. दुसरी, पलीकडून फक्त एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल्स येतात. एलियस आणि फंक्शन त्या वेगळ्या बॅशबरोबरच संपतात. तिसरी, जिथे प्रॉम्प्ट नाही तिथे डिरएन्व्हला हाक मारणारंही कुणी नाही. ही तिसरी गोष्ट सर्वांत जास्त फसवते. तिच्याकडे पुढे वळू.

बसवणं

उबंटू किंवा डेबियनवर:

```
सुडो ॲप्ट इन्स्टॉल डिरएन्व्ह
```

फेडोरावर `सुडो डीएनएफ इन्स्टॉल डिरएन्व्ह`, मॅकवर होमब्रू असेल तर `ब्रू इन्स्टॉल डिरएन्व्ह`. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) उबंटू घेऊन त्यात बसवा आणि प्रोजेक्टही उबंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलेली फाइल डब्ल्यूएसएलमधून उघडायला बराच वेळ लागतो.

नुसतं बसवून काही होत नाही. शेलला हुक, म्हणजे डिरएन्व्हला हाक मारणारी ओळ, लावावा लागतो. बॅश असेल तर होम फोल्डरमधल्या `.बॅशआरसी` फाइलच्या अगदी शेवटी ही ओळ टाका:

```
इव्हॅल "$(डिरएन्व्ह हुक बॅश)"
```

झेडशेल असेल तर `.झेडशेलआरसी`मध्ये हीच ओळ, बॅशच्या जागी झेडएसएच. (त्या फाइलचं खरं नाव टिंब आणि मग झेड, एस, एच, आर, सी.) मॅकवर मुळातलं शेल आता हेच असतं. फिशमध्ये `कॉन्फिग.फिश`मध्ये `डिरएन्व्ह हुक फिश | सोर्स`.

ही ओळ शेवटीच हवी. गिटची (कोडच्या आवृत्त्या जपणारं टूल) ब्रँच दाखवणारा प्रॉम्प्ट, आरव्हीएम (रूबीच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) यांसारखी प्रॉम्प्टशी खेळणारी टूल्स या ओळीनंतर आली तर ती हुक पुसून टाकू शकतात. मग डिरएन्व्ह बसलेलं दिसतं, पण काहीच करत नाही. ओळ टाकल्यावर चालू टर्मिनल बंद करून नवीन उघडा.

पहिली फाइल

गुळाच्या बिलिंगचा फोल्डर `~/काम/गूळ` आहे असं धरू. त्यात `.एन्व्हआरसी` करा आणि लिहा:

```
एक्सपोर्ट पीजीहोस्ट=लोकलहोस्ट
एक्सपोर्ट पीजीपोर्ट=५४३२
एक्सपोर्ट पीजीडेटाबेस=गूळ_टेस्ट
एक्सपोर्ट पीजीयूजर=बिलिंग
पाथ_ॲड बिन
```

पहिली चार व्हेरिएबल्स पोस्टग्रेस (इथे वापरलेला डेटाबेस) स्वतः ओळखतं, त्यामुळे या फोल्डरमध्ये नुसतं `पीएसक्यूएल` मारलं तरी बरोबर डेटाबेस उघडतो. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. सोडली की बॅशला त्याचा अर्थ वेगळा लागतो. शेवटची ओळ प्रोजेक्टमधला `बिन` फोल्डर `पाथ`च्या पुढे जोडते आणि त्याचा पूर्ण पत्ता स्वतः काढते. हेच हाताने `एक्सपोर्ट पाथ=बिन` असं लिहिलं तर जुना `पाथ` उडतो आणि `एलएस`सुद्धा सापडेनासं होतं. या कमांडमध्ये पाथ कॅपिटल आणि ॲड छोट्या अक्षरांत, हे लक्षात असू द्या.

फाइल सेव्ह करून प्रॉम्प्टवर आलात की लाल अक्षरांत सांगितलं जाईल की ही फाइल अडवलेली आहे. ती वाचून झाल्यावर:

```
डिरएन्व्ह अलाउ
```

आता `लोडिंग` असा संदेश येतो आणि त्याखाली व्हेरिएबल्सची यादी. नावाआधी अधिकचं चिन्ह म्हणजे नवीन आलं, `~` म्हणजे होतं त्याची किंमत बदलली, उणे म्हणजे काढलं. `एको $पीजीडेटाबेस` मारून पाहा. मग `सीडी ..` करा, `अनलोडिंग` येईल. पुन्हा तोच एको मारा, आता ओळ रिकामी यायला हवी. ही दुसरी तपासणी टाळू नका, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

आतल्या उपफोल्डरांमध्ये, म्हणजे `~/काम/गूळ/रिपोर्ट` वगैरेत फिरताना काही उतरत नाही, कारण वर शोधत गेल्यावर तीच फाइल सापडते.

एक बारकावा. फोल्डरमध्ये असताना हाताने एखादं नवीन व्हेरिएबल एक्सपोर्ट केलं, आणि ते `.एन्व्हआरसी`त नसेल, तर बाहेर पडल्यावर ते उतरत नाही. डिरएन्व्ह स्वतः चढवलेलंच उतरवतं. तेव्हा तात्पुरतं काही हवं असेल तर ते कमांडच्या आधी त्याच ओळीत लिहा, म्हणजे ते तेवढ्या कमांडपुरतं राहील:

```
पीजीडेटाबेस=गूळ_जुना पीएसक्यूएल
```

अलाउ म्हणजे वाचल्याची सही

`.एन्व्हआरसी` ही नुसती यादी नाही, तो पूर्ण बॅश प्रोग्रॅम आहे. त्यात होम फोल्डर पुसणारी ओळ असेल तर ती तितक्याच इमानाने चालेल. कुणाचा तरी कोड क्लोन केला, सीडी केलं आणि त्यांची फाइल आपल्या मशीनवर आपोआप चालली, असं होऊ नये म्हणून ही परवानगी ठेवली आहे. परवानगी फाइलच्या पत्त्याला आणि मजकुराला मिळून असते. एक अक्षर बदललं किंवा फोल्डर दुसरीकडे हलवला, तरी ती पुन्हा मागितली जाते.

म्हणून क्लोन केल्यावर आधी `कॅट .एन्व्हआरसी`, मग अलाउ. गिट पुलनंतर फाइल अडली तर आधी काय बदललं ते गिटमध्ये पाहा आणि मगच अलाउ. नवीन मुलांना पहिल्याच दिवशी ही सवय लावावी. लाल ओळ दिसली की न वाचता अलाउ मारायचा हात बसला तर या संरक्षणाला काही अर्थ उरत नाही. दिलेली परवानगी `डिरएन्व्ह डिनाय`ने काढता येते. फाइल आपणच बदलणार असू तर `डिरएन्व्ह एडिट` वापरा: एडिटर उघडतो आणि सेव्ह करून बंद केल्यावर परवानगीही दिली जाते.

सेटिंगच्या `डिरएन्व्ह.टॉमल` फाइलमध्ये ठरावीक फोल्डरखालच्या सगळ्या फाइलींना कायमची परवानगी देण्याची सोय आहे. जिथे बाहेरचा कोड क्लोन होतो, अशा फोल्डरला ती कधीही देऊ नका.

पासवर्ड कुठे ठेवायचे

`.एन्व्हआरसी` गिटमध्ये ठेवण्यात फायदा आहे. नवीन माणूस आला किंवा लॅपटॉप बदलला, तरी प्रोजेक्टला काय लागतं ते तिथेच लिहिलेलं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता. अशा वेळी घरच्या मशीनवर काम उभं करायचं तर फोनवरून एकेक व्हेरिएबल विचारत बसण्यापेक्षा गिटमधून सगळं मिळालेलं बरं. पण पासवर्ड गिटमध्ये जाता कामा नये. म्हणून दोन फाइली करायच्या.

`.एन्व्हआरसी`त वरच्या ओळींच्या खाली हे वाढवा:

```
डॉटएन्व्ह_इफ_एक्झिस्ट्स .एन्व्ह
एन्व्ह_व्हार्स_रिक्वायर्ड पीजीपासवर्ड एसएमएस_की
```

गुपितं `.एन्व्ह`मध्ये, एका ओळीत एक:

```
पीजीपासवर्ड='आंबा$घाट#७७'
एसएमएस_की='इथे खरी किल्ली'
```

किमतीला एकेरी अवतरणचिन्ह घाला. त्याशिवाय `$`च्या पुढचं व्हेरिएबल समजलं जातं आणि `#`च्या पुढचं शेरा समजून गळू शकतं. मग पासवर्ड अर्धाच जातो आणि डेटाबेस नुसतं लॉगिन फेल म्हणतो. बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नसेल तर आधी इथे पाहा.

`.एन्व्ह` बदलली तर अलाउ पुन्हा लागत नाही. डिरएन्व्ह त्या फाइलवर लक्ष ठेवतं आणि पुढच्या प्रॉम्प्टला नवीन किंमत घेतं. ही फाइल नाव आणि किंमत म्हणून वाचली जाते, बॅश म्हणून चालवली जात नाही. दुसरी ओळ खबरदारीची आहे: सांगितलेलं व्हेरिएबल नसेल किंवा रिकामं असेल तर चढतानाच एरर दिसते, अर्ध्या बिलावर ॲप पडेपर्यंत थांबावं लागत नाही.

`.गिटइग्नोअर`मध्ये `.एन्व्ह` आणि `.डिरएन्व्ह/` दोन्ही टाका. `चमॉड ६०० .एन्व्ह` करून ती फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी करा. सोबत `.एन्व्ह.नमुना` नावाची, किमती रिकाम्या ठेवलेली फाइल गिटमध्ये असू द्या.

चुकून `.एन्व्ह` कमिट होऊन पुश झाली तर फाइल पुसून नवीन कमिट केल्याने काही साधत नाही. जुन्या इतिहासात ती राहतेच. आधी पासवर्ड बदला, किल्ली रद्द करून नवीन घ्या, इतिहास साफ करणं नंतर.

पोस्टग्रेसचा पासवर्ड व्हेरिएबलमध्ये न ठेवता होम फोल्डरमधल्या `.पीजीपास` फाइलमध्ये ठेवणं आणखी चांगलं. एन्व्हायरन्मेंटमधली गोष्ट त्या टर्मिनलमधून सुरू झालेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला दिसते, मग तो नोडचा कुठला तरी आगंतुक पॅकेज का असेना. `.पीजीपास`लाही ६०० हवेच. परवानगी त्याहून सैल असेल तर पोस्टग्रेस ती फाइल वापरत नाही.

सगळ्या कामांना सामाईक असलेलं

वेळेचा पट्टा, गिटमधला कंपनीचा ईमेल अशा गोष्टी सगळ्या प्रोजेक्टना सारख्याच लागतात. त्या `~/काम/.एन्व्हआरसी`त ठेवा, उदाहरणार्थ `एक्सपोर्ट टीझेड=एशिया/कोलकाता`. पण सर्वांत जवळची एकच फाइल चढते हे आठवा: गुळाच्या फोल्डरमध्ये गेलात की वरची सामाईक फाइल उतरते. ती हवी असेल तर आतल्या फाइलच्या पहिल्या ओळीत लिहायचं:

```
सोर्स_अप
```

पहिल्याच ओळीत, म्हणजे खालच्या किमती वरच्यांना मागे टाकतील. शेवटी लिहिलं तर सामाईक किंमत प्रोजेक्टच्या किमतीवर चढून बसते. आणखी एक: `सोर्स_अप`ने ओढलेल्या वरच्या फाइलची परवानगी वेगळी तपासली जात नाही. वरचा फोल्डर आपलाच असेल तरच हे वापरा.

पायथन आणि नोड

पायथनच्या प्रोजेक्टमध्ये `लेआउट पायथन३` एवढी एक ओळ पुरते. प्रोजेक्टमध्येच `.डिरएन्व्ह` फोल्डरखाली व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट तयार होतं आणि फोल्डरमध्ये शिरताच लागू होतं. पायथनची आवृत्ती बदलली की त्या आवृत्तीचं नवीन तयार होतं, त्यामुळे `पिप इन्स्टॉल` पुन्हा करावं लागतं. पॅकेज गेली कुठे, हा प्रश्न पडला तर बहुधा हेच झालेलं असतं.

इथे प्रॉम्प्टच्या आधी कंसात एन्व्हायरन्मेंटचं नाव दिसत नाही, आणि ते लागूच झालेलं नाही असं पुष्कळांना वाटतं. प्रॉम्प्टचं `पीएस१` डिरएन्व्हला बदलता येत नाही, एवढंच त्याचं कारण. `विच पायथन` मारा, पत्त्यात `.डिरएन्व्ह` दिसलं तर सगळं ठीक आहे.

नोडसाठी `लेआउट नोड` लिहिलं की `नोड_मॉड्यूल्स`मधल्या कमांड थेट नावाने चालतात.

कुठे अडतं

एकाच ओळीत सीडी आणि कमांड. बॅशमध्ये हे मारलं:

```
सीडी ~/काम/गूळ && पीएसक्यूएल
```

तर मध्ये प्रॉम्प्ट येतच नाही, म्हणून हुकही चालत नाही. पीएसक्यूएल आधीच्या फोल्डरच्या व्हेरिएबल्सवर चालतं. सुरुवातीला सांगितलेला फाउंड्री-गुळाचा घोटाळा डिरएन्व्ह असूनही या वाटेने होऊ शकतो. झेडशेलमध्ये फोल्डर बदलण्याच्या घटनेलाच हुक असतो, तिथे हे होत नाही. बॅशवाल्यांनी दोन ओळींत लिहायचं, नाहीतर:

```
डिरएन्व्ह एक्झेक ~/काम/गूळ पीएसक्यूएल
```

स्क्रिप्ट आणि क्रॉन (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) यांचं कारणही तेच. रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये कितीही सीडी केलं तरी `.एन्व्हआरसी` चढणार नाही. तिथे `डिरएन्व्ह एक्झेक`च वापरा. क्रॉनचा `पाथ` तोकडा असतो, म्हणून डिरएन्व्हचा आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. ज्या युजरच्या नावाने क्रॉन चालतो त्याने ती फाइल अलाउ केलेली हवी. लाइव्ह सर्व्हरवर मात्र डिरएन्व्हवर विसंबू नका. तिथे सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिस फाइलमध्ये व्हेरिएबल्स देणं सरळ आणि खात्रीचं.

आधीच चालू असलेला प्रोग्रॅम. `.एन्व्ह` बदलली, टर्मिनलमध्ये नवीन किंमत दिसते, पण वेब ॲप जुनीच वापरतं. प्रोसेसला एन्व्हायरन्मेंट मिळतं ते सुरू होतानाच. ॲप बंद करून पुन्हा चालू करा.

एडिटर. मेनूतल्या आयकॉनवरून उघडलेल्या व्हीएस कोडला आपल्या टर्मिनलमधल्या व्हेरिएबल्सची काहीच कल्पना नसते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथून `कोड .` असं उघडा, किंवा डिरएन्व्हचं एक्स्टेन्शन टाका. एडिटर आधीच एका प्रोजेक्टसाठी उघडा असेल तर तो पूर्ण बंद करून मग उघडा.

टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारं टूल). प्रोजेक्टच्या फोल्डरमधून टीमक्सचा सर्व्हर सुरू केला तर त्या प्रोजेक्टची व्हेरिएबल्स त्याच्या पोटात जातात आणि पुढची प्रत्येक खिडकी ती घेऊनच उघडते. टीमक्स नेहमी होम फोल्डरमधून सुरू करा.

सुडो. `सुडो`ने चालवलेल्या कमांडला आपली व्हेरिएबल्स सहसा मिळत नाहीत. सुडो ती काढून टाकतं.

एकाच व्हेरिएबलच्या दोन जागा. ॲपमध्ये स्वतःची डॉटएन्व्ह लायब्ररी असेल, नोडची किंवा पायथनची, तर ती आधीपासून एन्व्हायरन्मेंटमध्ये असलेली किंमत सहसा बदलत नाही. म्हणजे `.एन्व्हआरसी`त एक किंमत आणि फक्त ॲपच वाचत असलेल्या वेगळ्या `.एन्व्ह`मध्ये दुसरी असेल तर पहिली जिंकते. डॉकर कंपोजचंही तसंच: शेलमधली किंमत `.एन्व्ह`मधल्या किमतीला मागे टाकते. एक व्हेरिएबल एकाच फाइलमध्ये ठेवा. आणि ही किंमत कंटेनरच्या आत आपोआप जात नाही. कंपोजच्या फाइलमध्ये ते नाव द्यावंच लागतं.

विंडोजचे ओळशेवट. `.एन्व्हआरसी` नोटपॅडमध्ये लिहून डब्ल्यूएसएलमध्ये आणली, तर प्रत्येक किमतीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटू शकतं. होस्टचं नाव डोळ्यांना अगदी बरोबर दिसतं, तरी होस्ट सापडत नाही म्हणून एरर येते. `डॉस२युनिक्स .एन्व्हआरसी` मारा आणि पुन्हा अलाउ करा.

हळूपणा. `.एन्व्हआरसी`त इंटरनेटवरून काही आणणारी कमांड घातली की फोल्डरमध्ये शिरतानाच टर्मिनल अडकतं. ५ सेकंदांहून जास्त लागले तर डिरएन्व्ह तसं सांगतं. कंट्रोल-सी मारून सोडता येतं. अशी कमांड तिथे नकोच. बाहेरचं गुपित एकदा आणून `.एन्व्ह`मध्ये लिहिणारी वेगळी स्क्रिप्ट करा.

आणि काहीच कळेना झालं तर `डिरएन्व्ह स्टेटस`. कोणती फाइल सापडली, कोणती चढलेली आहे, परवानगी आहे की नाही, हे तिथे स्पष्ट दिसतं. फाइल सापडली आहे, परवानगी आहे, तरी काही चढलेलं नाही, असं दिसलं तर हुकची ओळ पुसली गेली आहे किंवा हे जुनं टर्मिनल आहे. `डिरएन्व्ह रीलोड`ने फाइल जबरदस्तीने पुन्हा चढवता येते.

लाइव्ह डेटाबेससाठी वेगळी शिस्त

टेस्ट आणि लाइव्हच्या किमती एकाच `.एन्व्हआरसी`त ठेवून, हवी ती ओळ शेऱ्यातून बाहेर काढायची ही पद्धत बरीच दिसते. ती सोडून द्या. दिवाळीच्या पाडव्याला यार्डात मुहूर्ताचे सौदे झाले की रव्यांच्या (गुळाच्या ढेपांच्या) नोंदी धडाधड येऊ लागतात आणि लाइव्हवर हात घालायची वेळ वारंवार येते. त्या गडबडीत शेऱ्याचं चिन्ह काढलं की घातलं, हे कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

त्यापेक्षा शेजारी `~/काम/गूळ-लाइव्ह` असा वेगळा फोल्डर करा. त्यात कोड ठेवायचा नाही, फक्त `.एन्व्हआरसी` आणि गरजेच्या क्वेरी. त्यातला डेटाबेस युजर फक्त वाचू शकेल असा. लिहिण्याचा अधिकार असलेला युजर कुठल्याही आपोआप चढणाऱ्या फाइलमध्ये असू नये. तो लागेल तेव्हा हाताने टाइप करायचा.

सोबत आपण कुठे आहोत ते प्रॉम्प्टमध्येच दिसू द्या. `.बॅशआरसी`मध्ये, हुकच्या ओळीच्या आधी:

```
पीएस१='[$पीजीडेटाबेस] '"$पीएस१"
```

सुरुवातीचं एकेरी अवतरणचिन्ह इथे महत्त्वाचं आहे. त्यामुळे डेटाबेसचं नाव दर प्रॉम्प्टला ताजं वाचलं जातं. दुहेरी घातलं तर टर्मिनल उघडताना जे होतं तेच कायम चिकटून राहतं. हुक प्रॉम्प्ट रंगवण्याच्या आधी चालतो, म्हणून फोल्डर बदलल्याबरोबर चौकटी कंसातलं नावही बदलतं: `[गूळ_टेस्ट]`, बाहेर पडलात की रिकामं `[]`. मायग्रेशन चालवण्याआधी नजर तिथे जावी.

काम संपल्यावर

गिऱ्हाइकाचं काम हातावेगळं झालं की त्याच्या फोल्डरमध्ये `डिरएन्व्ह डिनाय` करा, `.एन्व्ह` पुसा आणि त्यातल्या किल्ल्या व पासवर्ड गिऱ्हाइकाला बदलायला सांगा. फोल्डर काढून टाकल्यानंतरही जुन्या परवानग्यांच्या नोंदी होम फोल्डरमध्ये पडून असतात; `डिरएन्व्ह प्रून` मारलं की ज्यांच्या फाइली उरल्या नाहीत त्या नोंदी साफ होतात.